वानरांचें वार्धक्य

अमरसिंहानें आपल्या कोशांत वानराचीं जीं अनेक नांवें दिलीं आहेत त्यांत 'वलीमुख' असें एक नांव आहे. वली म्हणजे सुरकुती. ज्याच्या मुखावर सुरकुत्या आहेत तो वलीमुख. कपि, मर्कट, शाखामृग हे शब्द कवींनीं उचलले आणि ते आपल्या ओठांवर राहिले. वलीमुख मात्र कोशाबाहेर फारसा आला नाहीं. परंतु हा शब्द ज्यानें प्रथम बनविला त्यानें वानराच्या तोंडाकडे फार जवळून पाहिलें असलें पाहिजे. उड्या, वांकुल्या, फळांची ओरबाड हें सर्व सोडून त्याचें लक्ष नेमकें सुरकुत्यांकडे गेलें. आज मला त्या सुरकुत्यांमागची हकीकत सांगावयाची आहे. वानर म्हातारा झाला म्हणजे त्याच्या शरीराचें आणि बुद्धीचें काय होतें, आणि हें मनुष्याला केव्हां व कसें कळलें, हा माझा विषय आहे.

मी फुलंब्रीचा. छत्रपति संभाजीनगराहून सिल्लोडमार्गें अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या आडनांवामुळें संगीतप्रेमी घरांत गांवाचें नांव तरी परिचित आहे. आमच्या भागाचा वानराशीं संबंध जुना आहे. एका अंगास खुलताबादचा भद्रा मारुती व वेरूळचीं लेणीं, दुसऱ्या अंगास अजिंठा; आणि या सर्व ठिकाणीं वानर दगडांत आहेत, रंगांत आहेत आणि झाडांवरही आहेत. आमच्याकडे काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या प्राण्यास वानर म्हणतात आणि लाल तोंडाच्या, आंखूड शेपटीच्या प्राण्यास माकड. शहरांत हा भेद पुसट झाला आहे. आजच्या भाषणांत तो उपयोगीं पडेल, कारण या दोघांचें म्हातारपण एकसारखें नाहीं.

वानराच्या वार्धक्याचें आपल्या वाङ्मयांतील सर्वांत मोजकें वर्णन वाल्मीकींच्या किष्किंधाकांडाच्या अखेरीस आहे. समुद्राच्या कांठीं सैन्य येऊन थबकलें आहे आणि कोण किती लांब उडी मारूं शकेल याची विचारणा चालली आहे. गज दहा योजनें म्हणतो, गवाक्ष वीस. असें चढत चढत सुषेण ऐंशींवर येतो. मग जांबवान उठतो. तो खरा ऋक्षांचा राजा, पण वानरसेनेंतला सर्वांत वृद्ध. तो सांगतो कीं, वामनानें तीन पावलें टाकलीं त्या वेळीं तरुणपणीं आपण त्याला प्रदक्षिणा घातली होती. आतां वय झालें, आतां नव्वद योजनेंच. लंका शंभर योजनांवर आहे. म्हणजे दहा योजनें कमी पडलीं. शाळेंत हा प्रसंग शिकवितांना मुलें हनुमंताच्या उड्डाणाची वाट पाहत असत. मला मात्र त्या दहा योजनांचें फार वाटे. कवीनें म्हाताऱ्याला निकामी ठरविलें नाहीं आणि त्याची खोटी बढाईही केली नाहीं. त्यानें तूट मोजून दाखविली. आणि लगेच पुढें, हनुमंताला त्याच्या बाळपणींच्या पराक्रमाची आठवण करून देण्याचें काम याच जांबवानाकडे दिलें. पाय थकले, स्मरण शाबूत राहिलें, असा हा हिशेब आहे. हा हिशेब वानरांच्या बाबतींत कितपत खरा, तें पुढें पाहूं.

महाभारताच्या वनपर्वांत वार्धक्य हें सोंग म्हणून येतें. सौगंधिक कमळें आणावयास निघालेल्या भीमाच्या वाटेंत एक वृद्ध वानर पडलेला असतो. म्हातारपणामुळें मला उठवत नाहीं, शेपूट बाजूला सारून जा, असें तो सांगतो. भीम आधीं डाव्या हातानें तुच्छतेनें शेपूट उचलूं पाहतो, मग दोन्ही हात लावतो; शेपूट हलत नाहीं. भद्रा मारुतीची मूर्ति निजलेली आहे. तिची स्थानिक कथा वेगळी आहे. भद्रसेन राजाच्या भजनांत मारुतीचें भान हरपलें अशी ती सांगतात. तरीही त्या मूर्तीसमोर उभें राहिलें कीं वनपर्वांतला तो वृद्ध वानर आठवल्यावांचून राहत नाहीं.

परंतु सर्वांत मार्मिक निरीक्षण आहे तें एका बालकथेंत. माकड आणि मगर यांची गोष्ट प्रत्येक घरांत सांगितली जाते. नदीकांठच्या झाडावर एक माकड एकटें राहत होतें, येथून ती सुरू होते. तें एकटें कां राहत होतें, हें कोणी विचारीत नाहीं. माकडाची जात टोळीनें राहणारी. एकट्या माकडाला कांहींतरी कारण असलें पाहिजे. पंचतंत्र इराणमार्गें अरबस्तानांत गेलें आणि आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फा यानें त्याला 'कलीला व दिम्ना' हें रूप दिलें. त्या पाठांत याचें उत्तर आहे. तें माकड पूर्वीं टोळीचा राजा होतें. म्हातारें झाल्यावर एका तरुणानें त्याला हांकून लावलें, म्हणून तें कांठावर येऊन राहिलें. मुलांना सांगतांना आपण हा भाग गाळला असावा. त्याचें कारण ज्यानें त्यानें आपल्या घरांतल्या आजोबांकडे पाहून शोधावें.

हीच गोष्ट शास्त्राच्या वहींत नोंदली जाण्यास विसावें शतक उजाडावें लागलें, आणि ती नोंद महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे झाली. १९६१ ते १९६३ या काळांत युकिमारू सुगियामा नांवाचे जपानी संशोधक धारवाडजवळच्या रानांत वानरांच्या टोळ्यांमागें हिंडत होते. मराठी घरांना धारवाड कांहीं परकें नाहीं. तेथें त्यांनीं पाहिलें कीं, अनेक माद्यांच्या टोळीला बहुधा एकच मोठा नर असतो. बाहेर हिंडणारे सडे नर एक दिवस त्याच्यावर चालून येतात, त्याला पळवून लावतात, आणि मग नवा धनी जुन्याचीं दूधपितीं पिलें मारूं लागतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही १९८२ सालची कादंबरी याच विषयाची. तिला पुढील वर्षीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. आमच्याकडे टोळीच्या या धन्याला हुप्प्या म्हणतात. हुप्प्याचें राज्य सहसा दोन-अडीच वर्षांचें असतें. म्हणजे तो वयानें म्हातारा होण्याच्या आधींच पदानें म्हातारा होतो.

माद्यांची कथा निराळी आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. सारा हर्डी या अमेरिकन विदुषीनें १९७१ पासून कांहीं वर्षें राजस्थानांतील अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९७७ सालीं निघाला. वानरांमध्यें तरुण माद्यांचा मान मोठा, आणि वय वाढेल तसा तो उतरत जातो, असें त्यांना आढळलें. म्हातारी मादी टोळीच्या कडेला बसते, तिच्या हातचें खाणें धाकट्या हिसकावतात, ती विरोध करीत नाहीं. अशी एक अतिवृद्ध मादी होती. हर्डींनीं तिचें नांव सोल ठेवलें होतें. तिला आतां पिलें होत नव्हतीं. टोळींत नवा नर शिरून एका तान्ह्या पिलावर तुटून पडूं लागला तेव्हां तरुण आया पुरेशा पुढें आल्या नाहींत. धांवून गेली ती ही सोल आणि तिच्याबरोबर पंजा तुटलेली दुसरी एक प्रौढ मादी. आपल्याहून किती तरी दांडग्या नराच्या अंगावर त्या पुनःपुन्हां गेल्या. एरव्हीं जी आपला घांस राखीत नसे, तिनें दुसरीचें पिलूं राखण्याचा यत्न केला.

लाल तोंडाच्या माकडांत याच्या उलट आहे. तेथें मुलीचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरतो आणि तो बहुधा मरेपर्यंत टिकतो. थोर घराण्यांतली म्हातारी थोरच राहते. दोन जाती, दोन रीती. यांतून माणसानें स्वतःसाठीं नियम काढूं नये हें बरें.

आतांपर्यंत सांगितलें तें सामाजिक वार्धक्य. शरीराचें आणि बुद्धीचें वार्धक्य जाणावयाचें तर आधीं प्राण्याचें वय ठाऊक पाहिजे, आणि रानांतल्या वानराचें वय कोणास ठाऊक असणार? मी जन्मभर शाळेंत काढला. जन्मतारखेची अडचण मला नवी नाहीं. आमच्या दाखल्यांच्या जुन्या वह्यांत निम्म्या गांवाचा जन्म १ जून रोजीं झालेला आहे. पालकाला तिथि आठवेना, मास्तर १ जून लिहून मोकळे होत. माकडांच्या बाबतींत खरी जन्मतारीख लिहिण्याची सोय प्रथम झाली ती एका बेटावर, आणि त्या बेटावरचीं माकडें आपल्या देशांतून गेलेलीं होतीं.

१९३८ सालीं क्लॅरेन्स कार्पेंटर नांवाचे अमेरिकन प्राध्यापक हिंदुस्थानांत आले. त्यांनीं उत्तरेकडचीं लाल तोंडाचीं माकडें जमविलीं, कलकत्त्याहून जहाजावर चढविलीं आणि तीं अर्धी पृथ्वी ओलांडून पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो या अवघ्या ३८ एकरांच्या बेटावर सोडलीं. त्यांची संख्या सुमारें चारशें होती. युद्ध पेटलें तर हिंदुस्थानांतून माकडें येणें बंद पडेल ही धास्ती त्यामागें होती. आज त्या बेटावर त्यांचे हजारावर वंशज आहेत. बाहेरून नवीन माकड तेथें आणलेलें नाहीं. १९५६ पासून प्रत्येकाची नोंद ठेवली जात आहे: आई कोण, जन्म केव्हां, मरण केव्हां. मेलेल्या माकडांचे सांगाडेही जपून ठेवले आहेत. त्या सांगाड्यांवरून कळलें कीं, माकडांनाही सांधेदुखी होते, वयपरत्वें त्यांच्या पाठीचे मणके झिजतात आणि हाडें ठिसूळ होतात.

ज्या माकडांचें म्हातारपण पुढें अभ्यासाचा विषय झालें, त्यांच्या बहुतेक भाऊबंदांना म्हातारपण लाभलेंच नाहीं. पोलिओच्या लशीसाठीं माकडांचीं मूत्रपिंडें लागत, आणि १९५०-६० च्या सुमारास आपल्या देशांतून वर्षाला लाखावर माकडें परदेशीं जात. १९५५ च्या जानेवारींत लंडनच्या विमानतळावर सुमारें चारशें माकडें गुदमरून मेलीं. त्यावर गहजब झाला, निर्यात थोडे दिवस थांबली, अटी घालून पुन्हां सुरू झाली. अखेर १९७८ सालीं मोरारजी देसायांच्या सरकारनें ती पुरतीच बंद केली. माकडें केवळ औषधासाठीं वापरावीं असा करार असतां युद्धविषयक प्रयोगांत त्यांचा वापर झाला, हें त्यामागचें एक मोठें कारण होतें. मोरारजीभाईंच्या हट्टीपणाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. हा हट्ट मला मान्य आहे. अमेरिकनांना आपल्या केंद्रांतून माकडांची पैदास वाढवावी लागली. जें माकड पूर्वीं बाजारांतून मिळे तें आतां घरीं जन्मलेलें, तारीख माहीत असलेलें आणि म्हणून म्हातारपणापर्यंत सांभाळण्याजोगें झालें.

अशा माकडांत पंचविशी म्हणजे म्हातारपण. कांहीं चाळिशी गांठतात. त्यांचें एक वर्ष आपल्या सुमारें तीन वर्षांएवढें धरतात. केस विरळ होतात, दांत झिजतात, मोतिबिंदू येतो, माद्यांचा विटाळ पंचविशीच्या सुमारास थांबतो. जवळचें दिसेनासें होतें. कांगोच्या रानांतील बोनोबो हे वानरांहून माणसाला जवळचे. त्यांच्याविषयीं १९१६ सालीं नव्हे, अगदीं अलीकडे, २०१६ सालीं, असें प्रसिद्ध झालें कीं, म्हातारा बोनोबो दुसऱ्याच्या उवा वेंचतांना हात लांब करून वेंचतो. चष्मा हरवलेले गृहस्थ वर्तमानपत्र कसें धरतात तें आठवावें.

बुद्धीची कसोटी रेमंड बार्टस यांनीं १९७८ सालीं घेतली. ती इतकी साधी आहे कीं घरांत लेंकरांबरोबर करून पाहावी. माकडाला खाऊ कोठें आहे तें दाखवावयाचें, मग थोडा वेळ मध्यें जाऊं द्यावयाचा, आणि नंतर त्याला शोधावयास सांगावयाचें. वेळ मध्यें गेला नाहीं तर म्हातारें माकड तरुणाइतकेंच बरोबर. पण कांहीं सेकंद गेले कीं म्हातारें चुकूं लागतें, आणि वेळ जितका जास्त तितकी चूक जास्त. म्हणजे शिकणें गेलेलें नाहीं, पाहणें गेलेलें नाहीं. हातांत घेतलेली गोष्ट क्षणभर हातांत राहत नाहीं. दुसऱ्या खोलींत गेल्यावर आपण येथें कां आलों असा प्रश्न ज्यांना पडतो त्या माझ्या समवयस्क श्रोत्यांस हें अधिक समजावून सांगावयास नको. जांबवानाला बाळ हनुमंताची गोष्ट आठवली, पण सकाळीं कोणत्या वानरानें काय म्हटलें तें आठवलें असतें कीं नाहीं, याचा वाल्मीकींनीं खुलासा केलेला नाहीं.

याचें कारण शोधतांना एक जुनी समजूत मोडली. वयाबरोबर मेंदूंतले कण भराभर मरतात असें मानीत असत. बोस्टनच्या ॲलन पीटर्स यांनीं माकडांच्या मेंदूंत मोजदाद केली तेव्हां पेशी बहुतेक जागच्या जागीं आढळल्या. बिघडतें तें त्यांच्या तंतूंवरचें वेष्टण. विजेच्या तारेवरचें आवरण जीर्ण झाल्यावर दिवा लुकलुकावा तसें हें होतें. दिवा गेलेला नसतो. अल्झायमरच्या रोगांत माणसाच्या मेंदूंत जे डाग सांपडतात तसे डाग म्हाताऱ्या माकडांतही सांपडतात. पण त्या रोगाचा पूर्ण विध्वंस मात्र त्यांच्यांत दिसत नाहीं. आपल्याइतकें ओळख हरपण्याचें दुःख त्यांच्या वांट्याला येत नसावें.

खाण्याचा प्रयोग तर फारच गाजला. अमेरिकेंत दोन ठिकाणीं, एकीकडे १९८७ पासून व विस्कॉन्सिन येथें १९८९ पासून, कांहीं माकडांचा आहार सुमारें ३० टक्क्यांनीं कमी करून त्यांना मरेपर्यंत पाळण्यांत आलें. विस्कॉन्सिनवाल्यांनीं २००९ सालीं सांगितलें कीं, कमी खाणारीं दीर्घायु होतात. दुसऱ्यांनीं २०१२ सालीं सांगितलें, तसा फरक दिसत नाहीं. पुढें २०१७ सालीं दोघांनीं वह्या एकत्र करून पाहिल्या. विस्कॉन्सिनचीं पोटभर खाणारीं माकडें वाटेल तितकें आणि साखरेचें खात होतीं, दुसरीकडचीं तुलनेचीं माकडेंही बेतानेंच खात होतीं, म्हणून निकाल वेगळे. कमी आहाराचा फायदा मात्र खरा. हा वाद मिटण्यास तीस वर्षें लागलीं. तीं सर्व वर्षें हीं माकडें पिंजऱ्यांत होतीं. एकादशी आपण आपल्या इच्छेनें करतों, आणि दुसऱ्या दिवशीं पारणें असतें. त्यांच्या आयुष्याचा आपल्या आरोग्याला उपयोग झाला हें मी नाकारीत नाहीं, पण तो उल्लेख करतांना आवाज थोडा खालीं आणावा असें मला वाटतें.

पिंजऱ्याबाहेर राहून, केवळ पाहून जें कळलें तें मला अधिक पटतें. फ्रान्सांत रोकामादूर येथें उत्तर आफ्रिकेंतील बार्बरी माकडें मोकळ्या वनांत राखलेलीं आहेत. तेथील अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. नवीं खेळणीं पुढें ठेवलीं तर प्रौढ माकडें त्यांकडे ढुंकूनही पाहत नाहींत. खाऊ असेल तरच हात घालतात, आणि अगदीं म्हातारीं तेंही करीत नाहींत. पण सोबत्याची किंकाळी ऐकूं आली कीं म्हातारें माकड मान वळवितें, आणि पिलाचें चित्र दाखविलें तर पाहत राहतें. कायो सांतियागो बेटावरच्या म्हाताऱ्या माद्यांविषयीं २०२२ सालीं असेंच आढळलें. वयाबरोबर त्यांचा गोतावळा लहान होतो. सोबती मेल्यामुळें नव्हे, किंवा इतरांनीं टाळल्यामुळेंही नव्हे. त्या स्वतःच निवड करतात, आणि लेंकी, बहिणी व जुन्या मैत्रिणी तेवढ्या ठेवतात. ज्या सुनांना सासूबाई हल्लीं कोणाकडे जात नाहींत याची काळजी वाटते, त्यांनीं आधीं सासूबाईंना विचारावें.

त्याच बेटावर सप्टेंबर २०१७ मध्यें मारिया नांवाचें चक्रीवादळ आलें. झाडें उन्मळून पडलीं, सावली नाहींशी झाली. वादळापूर्वींच्या आणि नंतरच्या माकडांचें रक्त तपासून पाहिलें तेव्हां असें दिसलें कीं, रोगाशीं झुंजणाऱ्या त्यांच्या पेशी सरासरीनें सुमारें दोन वर्षांनीं अधिक म्हाताऱ्या झाल्या होत्या. माणसाच्या हिशेबानें सात-आठ वर्षें. एका आपत्तीनें माणूस एकाएकीं खचतो असें आपण म्हणतों; तें रक्तांत मोजतां येतें हें आतां कळलें. मराठवाड्यांत ज्यांनीं १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्यांच्या घरांतल्या जुन्या छायाचित्रांकडे पाहून मला याचें नवल वाटलें नाहीं. पुढें त्या बेटावर सावलीची टंचाई असतां माकडें भांडखोर होण्याऐवजीं एकमेकांना जवळ बसूं देऊं लागलीं, हेंही नोंदलेलें आहे.

आमच्या फुलंब्रीकडे उन्हाळ्यांत वानरांची टोळी पाण्यासाठीं गांवांत उतरते. गेलीं दोन-तीन वर्षें त्यांत एक म्हातारी मादी आहे. ओळीनें सगळे कौलांवरून उड्या घेत जातात. ती भिंतीवरून उतरते, रस्ता चालत ओलांडते आणि पलीकडे पुन्हां चढते. तिला चणे घातले तर ती उचलते आणि टाकून देते. दांत राहिले नसावेत. वानराचें मुख्य अन्न पाला, आणि पाला चघळावयास दांत लागतात. देवस्थानांवर मंडळी त्यांच्यापुढें बिस्किटें, पेढे आणि तळलेले पदार्थ टाकतात. दात्याला पुण्याचा आनंद होतो. पण तो खाऊ धट्टेकट्टे नर आधीं पळवितात, म्हातारीच्या हातीं कांहीं लागत नाहीं, आणि साखरेनें माकडांचें काय होतें तें विस्कॉन्सिनच्या वह्यांत लिहिलेलें आहे. त्यापेक्षां एका बाजूस पाण्याची दगडी भरून ठेवावी आणि वड, पिंपळ, उंबर तोडूं नये. कोंवळा पाला आणि पिकलेलें उंबर बिनदांतानेंही खातां येतें.

धाराशीव जिल्ह्यांत उपळा नांवाचें गांव आहे. तेथें गांवच्या दप्तरांत ३२ एकर जमीन वानरांच्या नांवावर चढलेली आहे, ही बातमी २०२२ सालीं सर्वत्र झाली. ती कोणी आणि केव्हां चढविली हें गांवकऱ्यांनाही सांगतां आलें नाहीं. पूर्वीं गांवांत लग्न असलें म्हणजे आधीं वानरांना मान देत, मग विधि सुरू होत. आतां सर्वच तसें करीत नाहींत. दारीं आलेल्या वानराला अजूनही कोणी विन्मुख पाठवीत नाहीं. त्या जमिनीवर वनखात्यानें झाडें लावलीं आहेत.